रिसर्च शेडमधल्या कोंबड्यांना क्लिकर ट्रेनिंग: सात महिन्यांनंतरचा अनुभव

सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आमच्या शेडमध्ये ३६ व्हाइट लेगहॉर्न तलंगा, १२-१२ च्या तीन पेन, म्हणजे जाळीचे कप्पे. लेगहॉर्न ज्यांनी सांभाळल्यात त्यांना माहितीय, बादली आपटली तरी सगळ्या जणी जाळीला जाऊन धडकतात. दर सोमवारी वजन करायचं म्हणजे दोन माणसं, तुसाची धूळ नाकातोंडात, आणि एकीला कोपऱ्यात गाठेपर्यंत बाकी ११ जणी ओरडून ओरडून अर्धमेल्या. वर त्याच कोंबडीचं रक्त काढून आपण कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजणार! पकडल्यावर साधारण ३ मिनिटांतच ते चढायला लागतं, मग नळीत आलेला ताण प्रयोगाचा की आमच्या पळापळीचा, काय कळणार कप्पाळ.

म्हणून क्लिकर आणला, दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी, कुत्र्यांच्या ट्रेनिंगसाठी मिळते तीच. बरोबर वागली की क्लिक, आणि लगेच खाऊ. बक्षीस म्हणून वाळवलेल्या मीलवर्म अळ्या. महाग पडतात म्हणून मध्ये उकडलेल्या अंड्याचा बलक देऊन पाहिला, खातात आवडीने पण तो बोटांना चिकटून बसतो, शेवटी अळीच. आणि फीडची ट्रायल चालू असेल तर अळ्यांचा हिशोब ठेवा, कंट्रोल ग्रुपलाही तेवढ्याच द्या, नाहीतर गाइड विचारणारच.

पहिला आठवडा नुसतं क्लिक आणि अळी, क्लिक आणि अळी. क्लिक झाल्याझाल्या अळी चोचीपुढे हवी, उशीर झाला की मधे तिने जे काही केलं त्याचंच बक्षीस मिळालं असं होतं. शेड सांभाळणारे मामा हसायचे, "मॅडम, आता दप्तरं पण आणा ह्यांना." मग काठीला लाल झाकण लावून त्यावर चोच मारायला शिकवलं, ते झाकण हळूहळू वजनकाट्याकडे नेलं. एकीला दिवसाला मिनिट-दीड मिनिट पुरे. पाचव्या आठवड्यात बऱ्याचशा आपल्या पायाने काट्यावर चढायला लागल्या.

चढल्या पण उभं कोण राहतंय! पायाने खरडायला सुरुवात, आकडा नाचतोय. नंतर वाचनात आलं की मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांना अगदी हाच त्रास झालेला, १९६१ च्या त्यांच्या लेखात आहे, कोंबडीला नुसतं उभं राहायला शिकवत होते तर ती खरडायलाच लागली, मग त्यांनी तिला सरळ 'नाचणारी कोंबडी' करून टाकलं. आपल्याला नाच नकोय. मी काट्यावर अळी टाकणं बंद केलं, छोट्या कपात धरून चोचीच्या उंचीवर द्यायला लागले, खरडणं बरंच थांबलं.

आणि हो, शेडमध्ये टिकटिक पेन नेऊ नका. मी नोंदी लिहायला पेन उघडलं की १२ जणी पायाशी हजर.

आता खरी चूक. नोव्हेंबरमध्ये पंखाच्या शिरेतून रक्त घ्यायचं होतं, म्हटलं आयत्या येतायत काट्यावर, तिथेच धरू. अळी दाखवली, धरलं, सुई टोचली. काम झालं पटकन, पण त्यातल्या सहा जणी पुढचे दहा दिवस काट्याजवळ फिरकल्या नाहीत, दोघी तर कप बघूनच मागे सरायच्या. माझंच चुकलं, बोलावून फसवलं. आता रक्त वेगळ्या खोलीत, कप आणि क्लिकर दोन्ही तिथे न्यायचे नाहीत. तिथवर जायला क्रेटमध्ये शिरायचं वेगळं शिकवलंय, क्रेटमध्ये दहादा शिरली तर त्यातली एखादीच वेळ सुईची. टोचताना अंग आक्रसतंच, ते ट्रेनिंगने गेलेलं नाही, पण धरायच्या आधीची झटापट गेली.

सगळ्यांना जमलं असंही नाही. चार जणी शेवटपर्यंत शिकल्या नाहीत, त्यातल्या तिघी पेनमध्ये सगळ्यांच्या टोच्या खाणाऱ्या, त्यांना प्लायवूड लावून बाजूला घ्यायला पाहिजे होतं, मला उशिरा सुचलं. लसीकरणाला वेळ नसतो, ते अजून रात्री मंद उजेडात पकडूनच करतो, अंधारात त्यांना नीट दिसत नाही. सोमवारचं वजन मात्र मामा आता एकटे करतात, अर्ध्या तासात.

पुढची बॅच आली की पिल्लं असतानाच हाताळायला सुरुवात करणार. अळ्यांचा डबा मामांनी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलाय, मागचा मुंग्यांनी संपवला.