गाडीत ठेवायचं हत्यार: पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

परवाना हातात आहे, नेमबाजीच्या रेंजवर बऱ्यापैकी सराव झालाय, गाडीत भरलेलं हत्यार बाळगायला तुमच्याकडचा कायदा कितपत मुभा देतो तेही तुम्ही नीट वाचून ठेवलंय, असं धरूनच पुढचं लिहितो. नळी किती इंची, वजन किती, फिनिश कुठलं, हे कंपनीच्या पत्रकात मिळतं, त्यात शिरत नाही. मी दोन्ही प्रकार गाडीत ठेवून बघितले आहेत. त्यातलं एक आता फक्त रेंजवर जातं आणि दुसरं रोज माझ्याबरोबर असतं.

लांब हत्यारांचा विषय आधीच मिटवतो. शॉटगन कितीही आवडती असली तरी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ती वळवता येत नाही. नळी कधी डॅशबोर्डला थडकते, कधी दाराच्या खांबाला. केल-टेकची सब-२००० ही कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, मधोमध दुमडते आणि छोट्या बॅगेत मावते, पण ती उलगडायला दोन्ही हात आणि मांडीभर मोकळी जागा लागते. निर्जन भागात राहणारे, जनावरांसाठी डिकीत बंदूक ठेवणारे लोक असतात. त्यांची गरज वेगळी. चालत्या-थांबत्या गाडीत एकट्या माणसाला लागणारं हत्यार म्हणजे एका हातात मावणारंच.

पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमधून आपोआप वर चढतात, रिव्हॉल्व्हरमध्ये ती फिरत्या चक्रात बसतात. कागदावर बघितलं तर पिस्तूल सरळसरळ जिंकतं, आणि ते मान्य करायला मला काही अडचण नाही. ग्लॉक १९ मध्ये १५ काडतुसं बसतात. २०१८ साली आलेलं सिगचं पी३६५ तळहाताएवढं, तरी त्यात १० बसतात. याउलट स्मिथ अँड वेसनची लहान चणीची जे-फ्रेम रिव्हॉल्व्हर १९५० पासून .३८ स्पेशलची पाचच काडतुसं घेऊन फिरते आहे. पिस्तुलाचा चाप हलका, साधारण अडीच किलोचा; रिव्हॉल्व्हरचा त्याच्या दुपटीच्या आसपास. पिस्तुलाची नेमबाजी लवकर जमते, मॅगझिन बदलणं सोपं, वर टॉर्च लावता येतो. रेंजवर दोन्ही शेजारी ठेवून चालवली की नवख्याचा कल पिस्तुलाकडेच जातो, आणि रेंजपुरता तो बरोबरही असतो.

पण गाडी म्हणजे रेंज नव्हे. पट्टा बांधलेला, गुडघे स्टिअरिंगखाली, एका हाताला काहीतरी दुसरं काम. समोरचा माणूस गाडीपाशी येतो तो खिडकीतून आत वाकलेला असतो, म्हणजे अंतर फार तर हातभर. अशा झटापटीत पिस्तुलाची नळी कुणाच्या अंगाला टेकून दाबली गेली तर स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, जराशी मागे जाते आणि चाप ओढूनही बार उडत नाही. उडालाच, तर मागे येणारी स्लाइड कोटाच्या बाहीत किंवा पट्ट्यात अडकून पुढचं काडतूस नीट चढत नाही. रिव्हॉल्व्हरला मागेपुढे सरकणारं काही नाही. चाप ओढला की चक्र फिरतं, नाही उडाला तर पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. काडतुसावर आघात करणारा घोडा आत झाकलेली मॉडेलं, म्हणजे स्मिथची ६४२ किंवा रुगरची एलसीआर, खिशातून किंवा सीटच्या फटीतून काढताना कशातही अडकत नाहीत.

रिव्हॉल्व्हरची स्वतःची खोड आहे, ती लपवत नाही. चक्र आणि नळी यांच्यामध्ये जी बारीक फट असते तिच्यातून बाजूला गरम वायू आणि ठिणग्या उडतात. दोन हातांनी धरताना बोट त्या फटीपाशी गेलं तर चांगलंच भाजतं. अरुंद जागेत आपला दुसरा हात कुठे आहे याचं भान ठेवावं लागतं. आवाजाच्या बाबतीत मात्र दोघांत निवडण्यासारखं काही नाही. १४० डेसिबलच्या वरचा एक दणकाही कान कायमचा बिघडवू शकतो, आणि हँडगनचा बार त्याच्या बराच वर असतो. बंद काचांच्या आत तर विचारूच नका. आणि हो, पुढची काच दुपदरी, तिरपी. तिच्यातून आतून बाहेर झाडलेली गोळी सहसा जरा वरच्या दिशेला वळते. कुठलंही हत्यार घेतलं तरी हे बदलत नाही.

खरं तर गाडी चालू असेल आणि समोर रस्ता मोकळा असेल तर उत्तम हत्यार उजव्या पायाखालीच असतं. ॲक्सिलरेटर दाबा आणि निघा. बाकीची चर्चा रस्ता बंद असतानाची.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला तिच्याकडे येतो. तिचा गोळी झाडण्याशी काही संबंध नाही. दुकानात आणि जाणकारांच्या गप्पांत सगळा वेळ ‘प्रसंग आला तर’ यावर जातो. गाडीतल्या हत्याराचा रोजचा प्रसंग म्हणजे गाडी उभी करून उतरणं. गाडीतून हत्यारं चोरीला जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि ग्लव्ह बॉक्सचं कुलूप स्क्रूड्रायव्हरपुढे टिकत नाही. त्यामुळे रात्री हत्यार गाडीत ठेवायचं नाही हे माझं पहिलं पथ्य. जिथे ते आत नेता येत नाही तिथे गाडीतल्या पोलादी पेटीत, रिकामं करून, काडतुसं माझ्या खिशात, हे दुसरं. म्हणजे गाडीत ठेवायचं हत्यार घेतलं की भरण्या-उतरवण्याचा उद्योग रोज मागे लागतो, कधी दिवसातून अनेकदा.

पिस्तूल उतरवायचं म्हणजे मॅगझिन काढा, स्लाइड मागे खेचा, चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायला तयार बसलेलं, काडतूस उडी मारून बाहेर येतं. गाडीत बसून हे केलंत की ते काडतूस नेमकं सीट आणि मधल्या कन्सोलच्या फटीत जातं. मोबाइलच्या उजेडात सीटच्या रुळांमध्ये बोटं घालून ते शोधणं, आणि तोवर मांडीवर उघडं पिस्तूल. हा त्रास मी बराच काळ निव्वळ वैताग म्हणून सोसला. आत मॅगझिनमध्ये आणखी काडतुसं आहेत की नाहीत, आधी मॅगझिन काढलं की आधी स्लाइड खेचली, हा क्रम दमलेल्या डोक्याने उलटा झाला तर चेंबरमध्ये दुसरं काडतूस चढतं आणि माणूस समजतो हत्यार रिकामं आहे. गाडीत नळी रोखायला निर्धोक दिशाही नसते. खाली स्वतःचे पाय, पुढे इंजिन, बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली टाकी.

त्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. रोज तेच काडतूस चेंबरमध्ये जातं आणि रोज तेच बाहेर येतं. एकदा ते पेटीतल्या नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं केलं. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, कडेवर चरे पडलेले, मागच्या कडेला काडतूस ओढून काढणाऱ्या हुकाने खाल्लेला छोटा खवला, आणि गोळीचं टोक नव्यापेक्षा नजरेला दिसेल इतकं खाली. स्लाइड दर वेळी काडतूस चेंबरच्या उतारावर आपटते, आणि त्या धक्क्यांनी गोळी हळूहळू पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की बार उडताना दाब वाढतो; .४० एस अँड डब्ल्यूसारख्या काडतुसात तर हा प्रकार जास्तच धोक्याचा मानला जातो. म्हणजे ज्या काडतुसावर पहिली मदार, तेच सगळ्यात झिजलेलं. उपाय आहेत: काडतुसं आलटून पालटून वापरा, बदल दिसला की फेकण्यासाठी वेगळं काढा. काही लोक काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये ठेवून स्लाइड सोडतात. पुष्कळ पिस्तुलांत त्याने हुकावर नको तो ताण येतो, तेव्हा तो मार्ग नकोच.

चेंबर रिकामं ठेवून पिस्तूल बाळगा, असंही सुचवलं जातं. उतरवण्याची कटकट त्याने निम्मी होते हे खरं. पण मग गरजेच्या क्षणी स्लाइड खेचायला दुसरा हात हवा, आणि तो हात बहुधा दार ओढून धरत असेल नाहीतर कुणाचं मनगट ढकलत असेल. होल्स्टरसकट अख्खं पिस्तूल उचलून घरात नेणं हा सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग, आणि ज्याच्या दिनक्रमात ते बसतं त्याने पिस्तूल खुशाल घ्यावं. माझ्या दिनक्रमात बसलं नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये हेच काम असं: अंगठ्याने खटका पुढे, चक्र बाजूला, नळी वर करून काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा दाबला की पाचही काडतुसं तळहातात. ती खिशात. चक्राची पाच भोकं उजेडाकडे धरली की आरपार दिसतं. अंधारात करंगळीचं टोक फिरवलं तरी कळतं. फटीत काही उडत नाही, क्रम चुकायला क्रमच नाही, आणि काडतुसांवर आपटाआपटी नाही. उतरल्यावर चक्र उघडंच ठेवून हत्यार पेटीत ठेवलं की ते रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. हे कौतुक कुणाला क्षुल्लक वाटेल. मला मात्र दिवसाअखेरीची ती दोन मिनिटं डोक्याला ताप नसलेली हवी होती.

तरी रिव्हॉल्व्हर म्हणजे बिनघोर, असं समजू नका. पाच म्हणजे पाचच, आणि सीटवर बसून पुन्हा भरणं मला तरी सफाईने जमत नाही. आखूड नळीच्या मॉडेलांत दांडाही आखूड असतो, त्यामुळे झाडलेल्या पुंगळ्या कधी अर्ध्याच बाहेर येतात आणि नखांनी ओढाव्या लागतात. ६४२ जेमतेम ४०० ग्रॅमची. मग धक्का सगळा तळव्यात, सराव कंटाळवाणा, आणि कंटाळा आला की सराव राहतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरकस काडतुसं घातली तर पिस्तुलाच्या उलटा प्रकार होतो: धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि एखादी चक्राबाहेर डोकावली की चक्रच अडतं. पिस्तुलाची अडचण बहुतेक वेळा मॅगझिनला खालून थाप मारून स्लाइड खेचली की सुटते. अडलेली रिव्हॉल्व्हर टेबलावर न्यावी लागते. यावर साधा तोडगा म्हणजे वजनदार पोलादी मॉडेल. गाडीत बसलेल्याला ती दिवसभर अंगावर घेऊन चालायचं नसतं, तेव्हा दोन-अडीचशे ग्रॅम जास्त झाले तर बिघडत नाही, आणि हाताला बरंच सुख लागतं.

ठेवण्याबद्दल थोडं. स्टिअरिंगखाली चुंबकाला चिकटवलेलं उघडं हत्यार फोटोत छान दिसतं, पण चाप उघडा राहतो आणि गाडी कुठे धडकली तर ते सुटून पायाशी पेडलखाली जातं. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर अंगावर, ही पहिली पसंती. सीटच्या कडेला घट्ट स्क्रू केलेलं होल्स्टर दुसरी. पेटी केबलने सीटच्या सांगाड्याला बांधतात, आणि कटर आणणारा आधी केबलच तोडतो, तेव्हा बोल्टने बसणारी पेटी मिळाली तर तीच घ्या. कडक उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. काडतुसं त्याने आपोआप उडत नाहीत, त्याला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. तेल मात्र सुकतं, आणि रात्री गारव्यात दव धरून गंज चढतो. पिस्तुलाच्या स्लाइडला सुकलेलं तेल लवकर जाणवतं, रिव्हॉल्व्हर त्याबाबत जरा सोशिक वाटली.

घरात पिस्तूल आधीपासून आहे, हात त्यावर बसलेला आहे, आणि ते होल्स्टरसकट आत-बाहेर नेता येतं, तर गाडीसाठी वेगळा खर्च करू नका. दोन प्रकारच्या चापांची सवय ठेवणं हीसुद्धा अडचणच. कोऱ्या पाटीवर सुरुवात असेल आणि हत्यार दिवसातून अनेकदा रिकामं करावं लागणार असेल, तर एकदा पोलादी, घोडा झाकलेली .३८ हातात घेऊन बघा. दुकानात चाप ओढून बघण्याआधी रिकाम्या हत्याराचं चक्र उघडून, दांडा दाबून, पुन्हा बंद करून बघा, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी. मग शेजारच्या पिस्तुलाची स्लाइडही खुर्चीत बसूनच खेचून बघा, कोपर अंगाला चिकटवून, समोर स्टिअरिंग आहे असं समजून. दुकानदाराला गंमत वाटेल, वाटू द्या.