आठवीला जर्मन की जपानी?

परदेशी भाषेचा पर्याय समोर आला की नाशिकचे पालक आधी नोकरीचं विचारतात. सातपूरला बॉश या जर्मन कंपनीचा कारखाना, त्यामुळे कौल जर्मनला जातो. खर्चाचा हिशेबही तिच्याच बाजूचा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. पण पदवीचे बरेच वर्ग जर्मनमधूनच चालतात. शाळेतल्या ए-१ या अगदी सुरुवातीच्या पातळीवर तिथे काही भागत नाही, हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही.

जपानीची वाक्यरचना आपल्यासारखी: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. प्रत्ययही नामाच्या मागून, आणि लिंगाची भानगडच नाही. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, करा पाठ! जपानी भाषा मुलांना दमवते ती लिपीत. हिरागाना आणि काताकाना, मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, महिन्या-दोन महिन्यांत बसतात. पुढे रोजच्या वापरातल्या २१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं.

जपानीची जेएलपीटी ही प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. गटे इन्स्टिट्यूटची (म्हणजे आपल्याकडच्या मॅक्समुल्लर भवनाची) जर्मन परीक्षा बोलायलाही लावते. दोन्हींसाठी पुणं गाठता येतं.

माझं मत जर्मनकडे, पण एका अटीवर: शिक्षक दरवर्षी बदलत नसावेत. जपानीचे शिक्षक टिकून असतील, तर बिनधास्त जपानी घ्या.