सूफी-बौद्ध गूढवादाचा ऑनलाइन कोर्स: चौथं लेक्चर झकास, नववं सोडा

कोर्सचं नाव घेत नाही, पण बारा लेक्चरचा रेकॉर्डेड कोर्स आहे आणि मी तो शेवटपर्यंत बघितलाय (शेवटची दोन दीडच्या स्पीडने, खोटं कशाला बोलू).

आधी गंमत सांगतो, मराठी सबटायटल्स मशीनने केलेत आणि त्यावरून कुणी साधी नजरही फिरवलेली नाही. 'फना' (सूफींचं 'मी' विरघळून जाणं) आलं की दरवेळी 'फणा'. "साधक शेवटी ईश्वरात फणा होतो" असं वाचल्यावर मी व्हिडिओ थांबवून पाच मिनिटं हसत होतो.

पण चौथं लेक्चर, बाल्खवरचं, त्यासाठी सगळं माफ. बाल्ख म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं, तिथे नवविहार नावाचा मोठा बौद्ध मठ होता, सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग तिथे जाऊन आला, आणि पुढे अब्बासी खलिफांचे वजीर झालेले बर्मकी घराण्याचे लोक याच मठाच्या प्रमुखांचे वंशज, 'बर्मक' हा शब्दच 'प्रमुख' वरून आला म्हणतात! आणि त्याच बाल्खचा इब्राहिम इब्न अदहम, आठव्या शतकातला सूफी, ज्याची कथा अशी की राजवाडा सोडून फकीर झाला. सिद्धार्थाची आठवण येतेच. सर इथे घाईने "कॉपी आहे" म्हणत नाहीत, नुसतं दोन्ही कथा शेजारी ठेवतात, ते मला फार आवडलं.

सूफी हल्लाजवरचं लेक्चर पण चांगलंय. हल्लाज म्हणजे पिंजारी हे मला माहीतच नव्हतं. 'अनल हक' (मीच सत्य) म्हणाला म्हणून मारला एवढंच आपण ऐकलेलं असतं, पण 922 साली बगदादला त्याला मारलं त्यामागे दरबारातलं राजकारणही होतं हे नीट उलगडून सांगितलंय.

आता नववं लेक्चर. इथे सगळं एकाच मिक्सरमध्ये. "फना म्हणजेच निर्वाण, नावं वेगळी." अहो कसं काय? सूफी 'मी' विरघळवतो तो ईश्वरात, आणि फनानंतर बका आहे, म्हणजे त्याच्यासोबत टिकून राहणं, जुनैदसारखे सूफी तर ईश्वराच्या नशेपेक्षा शुद्धीवर असण्यालाच वरचं मानतात. बुद्धाकडे विरघळायला मुळात कायमचा असा 'मी'च नाही, अनात्म आहे, आणि ज्यात विरघळायचं तो ईश्वरही नाही. निर्वाण म्हणजे विझणं, तृष्णा-द्वेष-मोहाची आग विझणं. 'मी' सोडायचा हे दोघं म्हणतात म्हणून पोचायचं ठिकाण एकच कसं होईल? मी प्रश्नोत्तरांच्या सेक्शनमध्ये हेच विचारलं तर "छान प्रश्न, आभारी आहोत" एवढंच उत्तर, तेही तीन आठवड्यांनी.

सोबतचे सरावाचे ऑडिओ ठीकठाक. आनापानाच्या, म्हणजे श्वासावरच्या बौद्ध ध्यानाच्या, 16 पायऱ्यांपैकी चारच घेतल्यात, पण न घाबरवता, श्वास लांब आहे की आखूड एवढंच बघत बसायचं. जिक्रच्या, म्हणजे सूफी नामस्मरणाच्या, ऑडिओत मात्र मागे बासरी का टाकलीय देव जाणे, नाम ऐकू येईना.

पाचपैकी साडेतीन. चौथं दोनदा बघा, नववं गाळा, आणि सबटायटल्स बंद ठेवा.