सामाजिक दर्जा आणि नैराश्य : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

नैराश्याची उत्क्रांतीच्या अंगाने उकल करणारा हा व्याख्यानांचा अभ्यासक्रम मानसोपचारतज्ज्ञ जॉन प्राइस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभा आहे. कळपातील झुंजीत हरलेल्या प्राण्याने वेळीच शरणागती पत्करली तर त्याचा जीव वाचतो, आणि माणसाचे खचणे हे कदाचित त्याच माघारीचे, मात्र काम संपल्यावरही न थांबणारे रूप असावे, असा तो तर्क आहे.

आफ्रिकेतल्या व्हर्व्हेट माकडांवरील व्याख्यान सर्वांत सरस उतरले आहे. प्रमुख नराच्या रक्तातील सेरोटोनिन या मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाची पातळी इतरांपेक्षा वरचढ असते, पण स्थान गमावताच ती घसरते. उलट, प्रमुख नर दूर केल्यावर सेरोटोनिनची क्रिया वाढवणारे औषध मिळालेला दुय्यम नर वर चढतो. म्हणजे रसायन आणि दर्जा यांचा संबंध दुहेरी आहे, हे व्याख्याते घाई न करता उलगडतात.

उपचारांच्या भागात मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांची, स्वतःशी मायेने वागायला शिकवणारी करुणाकेंद्री उपचारपद्धती येते. स्वतःला सतत तुच्छ लेखणारा आतला आवाज हा जणू मनातच बसलेला वरिष्ठ असतो, हे विवेचन पटण्याजोगे आहे. मात्र प्रसूतीनंतरचे किंवा थायरॉइडच्या विकारातून येणारे नैराश्य या चौकटीत कसे बसवायचे, यावर व्याख्याते जवळजवळ मौन बाळगतात. उत्क्रांतीविषयीचे असे तर्क प्रयोगाने खोडून काढणे अवघड असते, हेही त्यांनी ठळकपणे सांगायला हवे होते. जिज्ञासू वाचकाने अभ्यासक्रम जरूर ऐकावा. औषधोपचार चालू असलेल्याने मात्र त्याच्या भरवशावर गोळ्या कमी करू नयेत.