सरकारी खात्याचा प्रोजेक्ट की आयसीएसएसआरची फेलोशिप?

जतचा एक पोरगा विचारत होता, ऊसतोड मजुरांवर संशोधन करायचंय, यातलं काय घेऊ. पैसा दोन्हीकडं सरकारचाच, आयसीएसएसआर म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा देणारी केंद्राची परिषद, तीही १९६९ पासून त्यावरच चालते. पण फेलोशिपमध्ये विषय तू मांडतोस, खात्याकडं बहुतेकदा प्रश्न तेच ठरवतात आणि रिपोर्ट बाहेर काढायचा का नाही तेही, करार नीट वाच बाबा. संमतीचं तर फारच अवघड, तलाठ्यासोबत फडावर गेलास की रेशन कार्ड जाईल या भीतीनं बाई सगळ्याला हो म्हणते, ती संमती नव्हेच! आणि पैसा कुणाचा तेही आधीच सांगायचं. देशोदेशी बंडं कशानं होतात हे शोधणारा, अमेरिकन लष्कराच्या पैशावरचा कॅमेलॉट प्रोजेक्ट १९६५ ला बंद पडला तो चिलीत बोभाटा झाल्यावर, तिथल्या अभ्यासकांपासून पैसा कुणाचा तेच लपवलेलं. मजुरांच्या याद्या हव्यात, योजना आतून सुधारायचीय, तर खातं बरं. योजनेच्या चुकांवर बोट ठेवायचंय तर फेलोशिपच घे.