नोकरीची शाश्वती नसताना घराचे काम काढावे का? सशुल्क पाहणी सेवेचा अनुभव

पुण्यात जुन्या फ्लॅटचे नूतनीकरण करायचे म्हटले की दोनच मार्ग समोर येतात: सगळे काम एकहाती करून देणारी इंटिरियर कंपनी, नाहीतर ओळखीतला ठेकेदार. स्वतः काम न घेता केवळ घर तपासून, आत्ता काय करावे आणि काय थांबवले तरी चालेल, एवढेच शुल्क घेऊन सांगणारा स्थापत्य अभियंता हा तिसरा मार्ग फारसा कुणाला सुचत नाही. आम्ही तो वापरला. ज्या घरात पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाची खात्री नाही, तिथे या सेवेचा सर्वाधिक उपयोग आहे असे माझे मत झाले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे पती आयटी क्षेत्रात आहेत. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून या क्षेत्रातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही धाकधूक होती. दुसरीकडे, काम काढायला हीच वेळ योग्य आहे असे जो तो सांगत होता आणि त्यात तथ्यही होते. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला होता आणि २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. एका इंटिरियर कंपनीने १३ लाखांचे ठोक कोटेशन दिले. त्यातली निम्मी रक्कम आगाऊ द्यायची होती आणि सवलत महिनाअखेरपर्यंतच होती. चालू गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, द्यायला बँक तयार होती. १० लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर महिना सुमारे १२,४०० रुपयांचा हप्ता बसतो. पगार सुरू असताना ही रक्कम झेपते, परंतु तो थांबला की मूळ कर्जाच्या हप्त्याबरोबर हीदेखील दर महिन्याला उभी करावी लागते. करसवलतीचा आधारही तोकडाच आहे: राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला जास्तीत जास्त ३० हजारांची वजावट मिळते आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हताच. "मॅडम, सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे का?" असे त्यांनी विचारले. आमची इमारत नव्वदच्या दशकातली आहे आणि व्यवहार्यता अहवाल मागवावा असे काही सभासदांचे म्हणणे आहे, हे ऐकल्यावर त्यांनी स्वयंपाकघराची मापे घेणे तिथेच थांबवले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील पुनर्विकासाची प्रक्रिया सुरू होऊन चार-पाच वर्षांत इमारत पाडायची झाली, तर नव्या ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंगवरचा सगळा खर्च राडारोड्यात जाईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कोटेशन देणाऱ्यांपैकी कुणीही ही गोष्ट काढली नव्हती.

मग ते बाथरूमकडे वळले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक टाइल हलकेच ठोकत त्यांनी कोणती घट्ट बसली आहे आणि कोणती पोकळ वाजते, ते खडूने फुल्या मारून दाखवले. नहाणी ट्रॅपभोवतीच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीभोवतीच्या, जवळजवळ सगळ्या टाइलवर फुली आली. त्यानंतर ट्रॅप बंद करून पाणी साठवले, भिंतीवर पातळीची रेघ मारली आणि पूर्ण एक दिवस बाथरूम वापरू नका असे सांगितले. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बरेच खाली गेले होते आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावरचा ओलसर डाग वाढला होता. बाहेरच्या सामाईक पाइपातून किंवा पावसामुळे होणारी गळती काढणे ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी असते, पण ही गळती आमच्या बाथरूममधून होत असल्याने दुरुस्ती आम्हालाच करणे भाग होते. वायरिंगमध्येही गंभीर दोष निघाले: गिझरच्या पॉइंटला अर्थिंग नव्हते आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नव्हता. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा, हेही त्यांनी अहवालात नमूद केले.

अहवालात प्रत्येक काम वेगळे, मापासह आणि अंदाजे दरासह लिहिलेले आहे, आणि मला ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू वाटते. दोन्ही बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, म्हणजे जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) काढून नवा घालणे, आणि वायरिंगची दुरुस्ती ही कामे "तातडीची" आहेत. बाकी सगळे, अगदी दिवाणखान्याची फरशीसुद्धा, "थांबता येईल" या सदरात आहे. तातडीच्या कामांची बेरीज पावणेतीन लाखांच्या आसपास आली. घरखर्च, हप्ता आणि मुलीची फी धरून सहा महिन्यांची तरतूद बाजूला ठेवल्यावरही ही रक्कम बचतीतून निघत होती. त्यामुळे टॉप-अप न घेता तेवढेच काम करायचे आम्ही ठरवले. ठेकेदार आम्हीच निवडला आणि अहवालातल्या यादीवर त्याच्याकडून दर भरून घेतले. टाइल बसवण्याआधी पाणी साठवून पुन्हा चाचणी घ्यायची आणि ती पार पडल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, ही अट अभियंत्यांनी करारात आवर्जून घालायला लावली. एका बाथरूममध्ये पहिल्या चाचणीत कोपऱ्यातून पाणी झिरपले, तेव्हा ठेकेदाराने वाद न घालता कोपऱ्याची वाट (भिंत आणि जमिनीच्या सांध्यावरची सिमेंटची गोलाई) पुन्हा केली, कारण त्याचे पैसे त्या चाचणीत अडकले होते.

उणिवाही आहेत. अहवाल हातात यायला बराच उशीर झाला आणि तो संपूर्ण इंग्रजीत होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो मलाच समजावून सांगावा लागला. पाहणीचे ४,००० रुपये शुल्क मला वाजवी वाटले, मात्र काम सुरू असताना देखरेखीसाठी केलेल्या प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे पडतात, हे आधी लेखी दिलेले नव्हते. ते विचारून घ्यावे. रंगसंगती, प्रकाशयोजना किंवा फर्निचरची मांडणी यांविषयी त्यांच्याकडून काहीही मिळत नाही, त्यामुळे ज्यांना केवळ सजावट बदलायची आहे त्यांनी या सेवेवर पैसे घालवू नयेत. ज्यांच्या घरात ओल आहे, इमारत जुनी आहे आणि नोकरीबद्दल खात्री नाही, त्यांनी मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ही पाहणी जरूर करून घ्यावी, आणि ती पावसाळा संपता संपता करावी, कारण भिंती वाळल्यावर गळतीचे मूळ शोधणे कठीण जाते.