घरी येऊन उपचार करणारे पशुवैद्यक : भुऱ्याच्या शेवटच्या पाच महिन्यांचा अनुभव

आमचा भुऱ्या साडेचौदा वर्षांचा होऊन मागच्या मे महिन्यात गेला. जानेवारीपासून त्या दिवसापर्यंत या दवाखान्याच्या घरभेट सेवेने त्याला सांभाळले. म्हातारा कुत्रा घरात असलेल्या नागपूरकरांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

मागच्या पायांतील संधिवातामुळे भुऱ्याला गाडीत चढवणे अवघड झाले होते, म्हणून आम्ही डॉक्टरांना त्रिमूर्तीनगरला घरीच बोलावले. पहिल्या भेटीत ते जवळजवळ तासभर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याच्या डोळ्यांतील निळसर झाक आम्ही मोतीबिंदू समजत होतो. ती वयोमानाने भिंग घट्ट झाल्याची खूण असून त्याला अजून बऱ्यापैकी दिसते, हे त्यांनी बॅटरीच्या उजेडात समजावून दिले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करेनाशी झाली की रक्तात वाढणारा घटक) 4.2, म्हणजे बरेच जास्त आले, तेव्हा त्यांनी काहीही लपवले नाही. आपल्या आधी कसे लक्षात आले नाही म्हणून माझी पत्नी रडू लागली, तेव्हा ते म्हणाले की मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता संपेपर्यंत हा आकडा फारसा वाढतच नाही. त्या वाक्याने तिला त्या रात्री झोप लागली. संधिवातासाठी घरातील माणसांची आयब्युप्रोफेनसारखी गोळी कधीही देऊ नका, ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, अशी ताकीदही त्यांनी दिली.

त्वचेखाली सलाईन द्यायला त्यांनी माझ्या मुलीला शिकवले. पाय घसरू नयेत म्हणून फरशीवर चटया अंथरायला सांगितले. पारा 45 अंशांवर गेला तेव्हा भुऱ्याची जागा कूलरसमोर हलवली.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. रात्री नऊनंतर येथे फोन उचलला जात नाही, आणि एप्रिलमधील एका रात्री उलट्या थांबेनात तेव्हा आम्हाला भुऱ्याला उचलून दुसरीकडे धावावे लागले. एवढ्या आजारी जनावरांची जबाबदारी घेणाऱ्या सेवेने रात्रीची सोय करायलाच हवी.

तो बरा असेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, असे डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगून ठेवले होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खुणा थांबल्या. आवडत्या दही-पोळीकडेही तो पाहीना. दयामरणाचा शब्द आम्ही उच्चारेपर्यंत त्यांनी घाई केली नाही, आणि उच्चारल्यावर आम्हाला टाळलेही नाही. आधी गुंगीचे इंजेक्शन, तो गाढ झोपल्यावर दुसरे. त्यानंतर डोळे उघडेच राहतील, एखादा श्वास घेतल्यासारखेही वाटेल, पण त्याला काही जाणवणार नाही, हे सगळे त्यांनी आदल्या दिवशी सांगितले होते, म्हणून आम्ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसू शकलो. माझ्या आईला त्याच्या जिभेवर गंगाजल आणि तुळशीचे पान ठेवायचे होते. तिचे हात थरथरत होते. तिचे होईपर्यंत डॉक्टर सिरिंज खाली ठेवून शांत थांबले.

त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. आठवड्याने मी पैसे आणि सलाईनच्या न उघडलेल्या चार बाटल्या घेऊन दवाखान्यात गेलो. बाटल्या त्यांनी दुसऱ्या एका म्हाताऱ्या कुत्रीसाठी ठेवून घेतल्या, आणि माझी आई आता जेवते का, असे विचारले.